इंद्रावती : खालून चढणारा पूर आणि उन्हाळ्यातले डोह

'भामरागडला पुराचा वेढा, शंभरावर गावांचा संपर्क तुटला' ही बातमी दर पावसाळ्यात येते. वाचणाऱ्याला वाटते, तिकडे ढगफुटी झाली असणार. प्रत्यक्षात त्या दिवशी भामरागडात पाऊस बेताचाच असू शकतो, कधी तर चक्क ऊन पडलेले असते. तिथला पूर वरून येतो त्याहून अधिक खालून चढतो. ही 'खालून'ची भानगड एकदा कळली, की गडचिरोलीच्या पूर्व सीमेवरच्या या नदीचे बाकीचे वागणेही समजायला लागते. पाऊस ओसरल्यावर मगर कुठे जाते आणि रानम्हैस नदीच्या अलीकडे कधी येते, हेसुद्धा शेवटी पाण्याच्या पातळीवरच ठरते.

आधी नदीचा मार्ग पाहू. इंद्रावती उगम पावते ओडिशाच्या कालाहांडी जिल्ह्यात, थुआमूल रामपूरच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून सुमारे ९१४ मीटर उंचीवर. तिथून पश्चिमेकडे वाहत छत्तीसगडच्या बस्तरात येते, जगदलपूर शहराला वळसा घालते, चित्रकोटला कड्यावरून कोसळते आणि बारसूरनंतर अबूझमाडच्या डोंगरांच्या कडेकडेने महाराष्ट्राकडे सरकते. भामरागडजवळ ती आपल्याला भेटते आणि पुढे सुमारे १२९ किलोमीटर महाराष्ट्र-छत्तीसगडची हद्द बनून वाहते. सिरोंचा तालुक्यात सोमनूरला ती गोदावरीला मिळते. तिथे उंची उरते सुमारे ८२ मीटर. एकूण लांबी सुमारे ५३५ किलोमीटर आणि पाणलोट क्षेत्र ४१ हजार चौरस किलोमीटरच्या वर. आख्ख्या गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे जवळजवळ तीन गडचिरोली मावतील एवढ्या मुलखाचे पाणी ही नदी गोळा करते.

५३५ किलोमीटरमध्ये ८३२ मीटरचा उतार म्हणजे सरासरी किलोमीटरला दीड मीटर. पण ही सरासरी फसवी आहे. नदी एकसारखी उतरत नाही, जिन्यासारखी उतरते. जगदलपूरचे पठार जवळजवळ सपाट, तिथे ती आळसावलेली असते. चित्रकोटला वाळूखडकाचे आडवे थर आहेत. वरचा टणक थर टिकतो, खालचा ठिसूळ भाग पाण्याच्या माऱ्याने पोखरला जातो आणि मग वरचा भाग आधार गेल्याने कोसळतो. अशा रीतीने धबधबा हळूहळू मागे सरकत घोड्याच्या नालेच्या आकाराचा झाला आहे. उंची फक्त २९ मीटरच्या आसपास, पण भर पावसात रुंदी ३०० मीटरच्या घरात जाते, म्हणून तो देशातला सर्वांत रुंद धबधबा मानतात. बारसूरजवळ सातधारला नदी खडकांतून फुटून वेगवेगळ्या धारांनी उतरते. हा जिना संपला की पुढे भामरागड ते सोमनूर मात्र ती पुन्हा सैलावते. रुंद पात्र, मधे वाळूची बेटे, खडकांचे पट्टे आणि त्यांच्या आड खोल डोह.

मोरी तुंबली की काय होते?

भामरागडला तीन नद्या एका ठिकाणी येतात: उत्तरेकडून पर्लकोटा, अबूझमाडातून पामुलगौतम आणि तिसरी इंद्रावती. पर्लकोटा म्हणजेच छत्तीसगडातली कोटरी, इंद्रावतीची सर्वांत मोठी उपनदी. गाव पर्लकोटा आणि पामुलगौतम यांच्या बेचक्यात बसले आहे.

आता घरातली मोरी डोळ्यांसमोर आणा. बाहेरचे गटार रिकामे असेल तर बादलीभर पाणी ओतले तरी निघून जाते. गटार काठोकाठ भरलेले असेल तर तांब्याभर पाणीही तुंबते आणि कधी गटाराचेच पाणी मोरीतून उलटे वर येते. भामरागडात हेच घडते. जगदलपूर-दंतेवाड्याकडे जोराचा पाऊस झाला की इंद्रावती फुगून संगमापाशी येते. तिची पातळी पर्लकोटाच्या पातळीपेक्षा वर गेली की पर्लकोटाला पाणी ओतायला जागाच उरत नाही. तिचा वेग मरतो, पाणी मागे पसरते. पाटबंधारे खात्याच्या भाषेत याला फुगवटा म्हणतात.

हा फुगवटा किती लांब जातो, याचा ढोबळ हिशेब सोपा आहे. समजा उपनदीच्या तळाचा उतार किलोमीटरला अर्धा मीटर आहे आणि संगमावर मोठ्या नदीचे पाणी ६ मीटरने चढले. तर उपनदीत सुमारे १२ किलोमीटर मागेपर्यंत त्याचा परिणाम जाणवेल. उतार दुप्पट असता तर निम्म्या अंतरात संपला असता. म्हणजे उतार जितका कमी, तितके पाणी मागे लांब जाते. त्यातच पर्लकोटाला स्वतःचाही पूर असेल तर दोन्ही पाणी एकमेकांवर चढते. हेमलकसा आणि भामरागड यांच्यामध्ये जेमतेम ३ किलोमीटर अंतर, पण मधे पर्लकोटा. तिच्यावरचा जुना पूल ठेंगणा असल्याने तो सर्वांत आधी बुडतो आणि तालुक्याचे गाव आलापल्लीच्या रस्त्यापासून तुटते. २०१९ च्या पावसाळ्यात तर एकदा नव्हे, अनेकदा असे झाले. त्यामुळे उंच पुलाची गरज होतीच. मात्र पुलाने रस्ता वाचतो, बाजारपेठेत शिरणारे पाणी थांबत नाही, ही गोष्ट पुलाच्या आनंदात विसरली जाते.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. भामरागडचा अंदाज भामरागडच्या आभाळावरून बांधू नये. केंद्रीय जल आयोगाची मोजणी केंद्रे इंद्रावतीवर जगदलपूर, चिंदनार आणि पाथागुडेम येथे आहेत. पहिल्या दोन ठिकाणी पातळी झपाट्याने चढत असेल तर खाली तीन नद्यांच्या बेचक्यातल्या लोकांनी सामान माळ्यावर टाकायला हरकत नाही. याच पाण्याची पुढची वर्दी तेलंगणातल्या भद्राचलमला लागते. तिथे गोदावरीच्या ४३, ४८ आणि ५३ फुटांवर पहिला, दुसरा आणि तिसरा इशारा दिला जातो. जुलै २०२२ मध्ये ती ७० फुटांच्या वर गेली होती. इंद्रावतीच्या खालच्या टप्प्यात मोठे धरण नाही, त्यामुळे तिचा पूर अडवणारे मधे कोणी नसते.

ऑक्टोबरनंतरची नदी

पाऊस ओसरला की चित्र पालटते. ऑक्टोबरअखेर गाळ खाली बसतो, पाणी गढूळ तांबड्याचे हिरवट होते. जानेवारीपासून पात्र आक्रसू लागते आणि एप्रिल-मेमध्ये नदी सलग राहत नाही. खडकांवरून झिरपणाऱ्या बारीक धारा आणि त्या धारांनी जोडलेले डोह, एवढीच ती उरते. जलचरांचा हिशेब इथून सुरू होतो. पावसाळ्यात विखुरलेले सगळे जीव आता डोहात एकत्र येतात: मासे, त्यांना खाणारे, आणि त्यांना खाणाऱ्यांना खाणारेही.

डोह सगळीकडे बनत नाही. त्याला वरच्या अंगाला खडकाचा उंबरा लागतो. पुरात पाणी या उंबऱ्यावरून आदळते आणि खालचा तळ खरवडून काढते, म्हणून डोह बहुधा खडकाच्या पट्ट्याच्या लगेच खाली सापडतो. खडकावरच्या दगडगोट्यांनी गरगर फिरून पाडलेले गोल रांजणखळगे दिसले तर समजावे, पुरात इथे भोवरा असतो. वरून शांत दिसणाऱ्या अशा डोहात पोहायला उतरणे हा शुद्ध मूर्खपणा आहे. काठ एकदम तुटतो, तळ लागत नाही आणि मगर असते.

मगरीबद्दल एक घोळ दूर करायला हवा. गावाकडे मगरीलाच सर्रास सुसर म्हणतात. लांब, निमुळत्या जबड्याची खरी सुसर गोदावरी खोऱ्यात नाही. दक्षिणेला तिची नैसर्गिक हद्द महानदीपर्यंत. इंद्रावतीत आहे ती रुंद जबड्याची मगर. फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान मादी काठाच्या वाळूत हातभर खोल खड्डा करून साधारण २५ ते ३० अंडी घालते. दोनेक महिन्यांनी पिल्ले आतूनच चिवचिवू लागतात, तो आवाज ऐकून मादी वाळू उकरते. सगळे वेळापत्रक पहिल्या पावसाच्या आधी पिल्ले पाण्यात जावीत असे बेतलेले आहे. खड्डा पाण्यापासून फार जवळ झाला तर वळवाच्या एका लोंढ्याने घरटे बुडते. फार दूर झाला तर पिल्लांना पाण्यापर्यंत पोचताना घोरपड, कोल्हे, शिकारी पक्षी गाठतात. त्याच वाळूवर मार्च ते मे या काळात नदी सुरय हा पक्षी नुसता खळगा करून अंडी घालतो. अंडी वाळूच्या रंगाची, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. वाळूच्या बेटावर ट्रॅक्टर नेणारे आणि सहलीला चूल मांडणारे दोघेही या बाबतीत सारखेच.

पाणमांजर दिसण्यापेक्षा त्याची खूण लवकर सापडते. पाण्यालगतच्या उंच सपाट खडकावर काळपट, चिकट विष्ठा, तिच्यात माशांचे खवले आणि काटे, आणि नाक जवळ नेल्यावर येणारा माशाचा उग्र वास. कुटुंब ठरलेल्या खडकावरच हा कार्यक्रम उरकते, म्हणून ताज्या खुणेजवळ पहाटे लांब बसून राहिले तर भेट होऊ शकते. पाण्यातून दोन-चार डोकी एका ओळीत येताना दिसतात. इंद्रावतीतले हे पाणमांजर गुळगुळीत अंगाचे, चपट्या शेपटीचे.

माशांत मान बोध या माशाचा. हा एक प्रचंड कॅटफिश आहे. बस्तरात त्याला इंद्रावतीचा शार्क म्हणतात, आणि तो माणसाच्या वजनापेक्षा जड होऊ शकतो. तो वेगवान पाण्याखालच्या खडकांच्या कपारीत राहतो, म्हणजे प्रवाह थांबला की त्याचे घरच गेले. पहिल्या पावसात पाणी लाल झाले की इतर अनेक जातींचे मासे अंडी घालायला नाल्यांत आणि भातखाचरांत वर चढतात. चढणीचे मासे मिळतात ते हेच. तेव्हा प्रत्येक नाल्याच्या तोंडावर बारीक भोकांचे जाळे लागले तर अंडी पोटात असलेली मादीच पकडली जाते आणि पुढच्या वर्षीचा डोह रिकामा राहतो. त्याहून वाईट म्हणजे उन्हाळ्यात डोहात ब्लीचिंग पावडर टाकणे किंवा स्फोट करणे. गळाने मोठा मासा निघतो, विषाने त्याच्यासकट बोटाएवढी पिल्ले, खेकडे, झिंगे सगळे संपते. डोह आधीच वेगळा पडलेला असल्याने पावसाळ्यापर्यंत तिथे नवा जीव येणार कुठून?

रानम्हैस

या नदीचा खरा मानकरी वाघ नाही, रानम्हैस आहे. वाघासाठी पलीकडे, बिजापूर जिल्ह्यात इंद्रावती व्याघ्र प्रकल्प आहे: १९८१ मध्ये राष्ट्रीय उद्यान, १९८३ पासून व्याघ्र प्रकल्प, क्षेत्र सुमारे २,७९९ चौरस किलोमीटर. माओवादी संघर्षामुळे तिथल्या मोठ्या भागात वर्षानुवर्षे नीट मोजणीच करता आली नाही, म्हणून तिथल्या वाघांच्या आकड्यांवर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. रानम्हशीचे तसे नाही. जगात एकूण चार हजारांहून कमी, त्यातल्या बहुतेक आसामात. मध्य भारतात उरलेले मोजके कळप इंद्रावतीच्या दोन्ही काठांवर आहेत. महाराष्ट्राच्या बाजूला त्यांच्यासाठी सिरोंचा वनविभागात, कमलापूरजवळ कोलामार्का संवर्धन राखीव क्षेत्र २०१३ मध्ये जाहीर झाले. ते सुमारे १८० चौरस किलोमीटरचे आहे.

तिला नदी का लागते? म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी फार कमी. टनभर वजनाच्या काळ्या शरीरात दुपारी साठलेली उष्णता बाहेर टाकायला पाणी आणि चिखल हाच उपाय. वर गवत हवे, तेही भरपूर. साग-बांबूच्या दाट जंगलात गवत कमी असते, ते मिळते नदीकाठच्या मोकळ्या पट्ट्यांत आणि ओलसर नाल्यांत. म्हणून उन्हाळ्यात कळप पाण्याच्या आसपास घुटमळतात आणि पात्र आटल्यावर हद्द ओलांडून इकडे-तिकडे होतात. आठ महिने ही नदी त्यांच्यासाठी रस्ता असते आणि पावसाळ्यात भिंत.

जंगलात काळे धूड दिसले की गवा की रानम्हैस, हा प्रश्न पडतोच. पाय बघून उपयोग नाही, दोघांचेही गुडघ्याखाली मळकट पांढरे. शिंगे बघा. गव्याची शिंगे पिवळसर, टोकाला काळी, वर वळलेली, आणि दोन शिंगांमध्ये कपाळाचा फुगीर उंचवटा. पाठीवरची वशिंडासारखी धार मध्यावर येऊन अचानक संपते. रानम्हशीची शिंगे काळी, बुडाशी जाड आणि तिकोनी, बाजूला पसरून कोयत्यासारखी मागे जातात. पाठ सरळ. पाळीव म्हशीपासून ओळखणे अधिक कठीण, कारण संकर.

आणि खरे दुखणे तेच आहे. जंगली रेडा गावच्या म्हशींच्या कळपात शिरतो, गावचा रेडा चुकून जंगली कळपात जातो. दोन-तीन पिढ्यांत शुद्ध रक्त संपते, तेही कोणी गोळी न झाडता. दुसरे दुखणे रोगांचे. लाळ्या-खुरकूत आणि घटसर्प गुरांमार्फत पाणवठ्यावर पोचतात. मादीला दहा-अकरा महिन्यांच्या गर्भावस्थेनंतर एकच वासरू होते, त्यामुळे साथीत पाच-सात जनावरे गेली तर भरपाईला वर्षे लागतात. त्यामुळे रानम्हैस वाचवण्याचे निम्मे काम जंगलाबाहेर, गावच्या गोठ्यात आहे. पावसाळ्याआधी प्रत्येक गुराला लस हवी आणि गुरांचा पाणवठा वेगळा हवा. कुंपण घालण्यापेक्षा हे स्वस्त पडते, पण फोटोत चांगले दिसत नाही.

वरचे पाणी कुठे जाते

ओडिशाने उगमाजवळ अप्पर इंद्रावती प्रकल्प बांधला. त्यात अडवलेले पाणी बोगद्यातून पलीकडे हाती नदीत, म्हणजे महानदीच्या खोऱ्यात सोडून ६०० मेगावॅटचे वीजकेंद्र चालते. ते पाणी इंद्रावतीला परत मिळत नाही. त्याखाली, ओडिशा-छत्तीसगड सीमेजवळ जोरा नाल्याचा तंटा आहे. इंद्रावतीला मिळणारा हा नाला उलटा फिरला आणि इंद्रावतीचेच पाणी शबरी नदीकडे ओढू लागला. सीमेवर ४५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मिळावे असे १९७५ च्या करारात ठरले, तरी उन्हाळ्यात चित्रकोटची धार बारीक होते आणि वाद पुन्हा पेटतो. भामरागडपर्यंत याची झळ तितकी पोचत नाही, कारण मधे कोटरी आणि अबूझमाडचे असंख्य ओढे भर घालतात. त्या डोंगरांवर जंगल आहे तोवर पावसाळ्यात मुरलेले पाणी मार्चपर्यंत झिरपत राहते.

खालच्या अंगाला भोपालपट्टणम आणि इंचमपल्ली या धरणांच्या योजना होत्या. १९८० च्या दशकात बाबा आमटेंनी त्यांच्याविरुद्ध आवाज उठवला, कारण दोन्ही काठांवरचे जंगल आणि माडिया-गोंडांची गावे पाण्याखाली गेली असती. बारसूरजवळच्या बोधघाट प्रकल्पाची कोनशिला तर १९७९ मध्ये मोरारजी देसाईंच्या हस्ते बसली होती. तो प्रस्ताव दर काही वर्षांनी कपाटातून बाहेर येतो.

जायचे असेल तर

नागपूरहून चंद्रपूर किंवा गडचिरोलीमार्गे आलापल्ली आणि तिथून जंगलातून सुमारे ६५ किलोमीटरवर भामरागड. काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पेट्रोल आणि रोख रक्कम आलापल्लीतच घ्यावी. पुढे मोबाइलचे नेटवर्क भरवशाचे नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवावा. संध्याकाळी पाचनंतर रस्त्यावर राहू नये. पोलीस मदत केंद्रांचे फोटो काढू नयेत, ड्रोन तर नकोच. लाकडाच्या डोंग्यातून पलीकडे जायचा मोह होतो. डोंगा एकाच बुंध्याचा, अरुंद असतो आणि मधेच कोणी उभे राहिले की कलंडतो. बसायचे ते तळाशी, मधोमध. वाटेत आलापल्लीजवळ 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' या राखून ठेवलेल्या जुन्या सागवनात अर्धा तास थांबावे. सागाला किती उंच जाता येते, हे दिसेल अशी ठिकाणे आपल्याकडे फार थोडी उरली आहेत.

मलेरियाला हलक्यात घेऊ नये. राज्यात या रोगाचा सर्वाधिक भार गडचिरोलीवर आहे आणि इथला फॅल्सिपॅरम प्रकार मेंदूपर्यंत जातो. सूर्यास्तापासून पूर्ण बाह्यांचे कपडे आणि झोपायला मच्छरदाणी हवीच. प्रतिबंधक गोळ्यांबद्दल निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. घरी परतल्यावर ७ ते १४ दिवसांत ताप आला, किंवा नंतर महिन्या-दोन महिन्यांनीही आला, तर त्याच दिवशी रक्त तपासावे आणि डॉक्टरांना 'गडचिरोलीला जाऊन आलो' हे पहिल्या वाक्यात सांगावे. मुंबई-पुण्यात डेंग्यू समजून दोन दिवस घालवले जातात, तेच महागात पडतात. तिथे असतानाच ताप आला तर हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना आहे. १९७३ पासून तिथे मलेरियाचे रुग्ण पाहिले जातात.